कलाकेंद्र टेकडीवर, मुलं पायथ्याशी: सुनापरान्तसारख्या संस्थेनं कुणासाठी काम करावं?

फोंड्याचा चित्रकला शिक्षक

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर सुनापरान्त आहे. दत्तराज आणि दीप्ती साळगावकर यांनी २००९ मध्ये ना-नफा तत्त्वावर उभं केलेलं कलाकेंद्र. प्रदर्शनांची दालनं, अंगण, पायऱ्यांचा खुला रंगमंच, कार्यशाळा, व्याख्यानं. छायाचित्रकलेचा सेन्सोरियम महोत्सवही तिथं झाला. गोव्यात समकालीन कलेला हक्काचं घर हवं, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच हा विषय काढतोय.

माझं म्हणणं असं, की अशा कुठल्याही केंद्रानं आपले निम्मे कार्यक्रम कोंकणी-मराठीत करावेत आणि निम्मे टेकडीखाली, गावात करावेत.

दोन वर्षांपूर्वी नववीची बावीस मुलं घेऊन पणजीतल्या एका दालनात गेलो होतो (सुनापरान्त नव्हे, दुसरं). कदंबाच्या सरकारी बसनं बसस्टँड, तिथून उन्हात चालत. भिंतीवरचा सगळा मजकूर इंग्रजीत, माहिती सांगणारी मुलगीही इंग्रजीतच बोलत होती. आमच्यातला एक मुलगा दर दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराचा पुतळा बांधतो. बांबू, तार, गवत, कागदाचा लगदा, वर मुखवटा. पंधरा फुटांचा सांगाडा वाऱ्यात कसा तोलायचा ते त्याला कळतं. त्या दिवशी तो एका मांडणशिल्पापुढे बराच वेळ उभा राहिला आणि परतताना बसमध्ये हळूच म्हणाला, "सर, हे मोडल्यावर काय करतात?" याहून चांगला प्रश्न त्या दालनात कुणी विचारला नसेल. पण तो विचारायची भाषा त्याच्याकडे नव्हती, आणि तिथं कुणी त्याची भाषा बोलेना. मला विचारलं, तेव्हा उशीर झाला होता.

रात्रभर मिरवून पहाटे जाळायचा नरकासुर, गणपतीवर रानातल्या फळा-फुलांनी भरलेली माटोळी, माशेलचे चतुर्थीचे देखावे. मांडणी करून मोडून टाकायची कला आमच्या मुलांच्या हातात आधीपासून आहे. केंद्रानं तिथून सुरुवात करावी.

आल्तिनोची माजी विद्यार्थिनी

सर, तुमच्या त्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

१९७२ मध्ये सुरू झालेलं गोवा कला महाविद्यालय त्याच टेकडीवर आहे. मी तिथून पदवी घेतली. पुढे काय? चित्रकार एफ. एन. सूझा साळगावचे, चित्रकार लक्ष्मण पै मडगावचे. दोघांनाही आधी मुंबईला जावं लागलं, मग एकाला लंडन, दुसऱ्याला पॅरिस. पै परत आले आणि १९७७ पासून दहा वर्षं आमच्या कॉलेजचे प्राचार्य राहिले, ते आमचं भाग्य. बाकी कितीजण परतलेच नाहीत. कॉलेज संपल्यावर चुकायला जागा लागते. जिथं विक्री होईल का, बक्षीस मिळेल का, किती माणसं आली, असं कुणी विचारत नाही. सुनापरान्त स्वतःच्या कामाबद्दल बोलताना प्रक्रियेवर भर देतं, त्याचा अर्थ मी असाच घेते.

गावोगावचे कार्यक्रम मोजायला लागलो की केंद्राचं सांस्कृतिक खातं होतं. आणि खातं आपल्याकडे आहेच की! माटोळीच्या स्पर्धा तेच घेतं, आणि चांगल्या घेतं. डिसेंबरात २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव येतो, पणजी भरून जाते, थोड्या दिवसांनी मांडव उतरतात. उरलेलं वर्ष कुणीतरी शांतपणे काम करू द्यायला नको का?

कुडाळकर

तुमच्या हद्दीपलीकडून बोलतो. कुडाळजवळच्या आमच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं: ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं चित्रकथी बघायला बसलात की पोथीतलं एकेक चित्र पुढे येतं, वीणा-हुडूक वाजतो आणि माणूस गाऊन गोष्ट सांगतो. भिंतीवर मजकूर नसला तरी अडत नाही.

म्हणून मला वाटतं, सर पाटीची भाषा बदला म्हणताहेत ते अपुरं आहे. सांगणारा माणूस बदला. नाहीतर इंग्रजीतला अवघड मजकूर मराठीत आणखी अवघड होऊन भिंतीवर लागेल.

पण ताई, "शांतपणे काम" हा शब्द मला खटकला. गोठ्यात काम करणाऱ्यांना ती शांतता कुणी दिली?

सासष्टीकर

पाटी कोंकणी-मराठीत म्हणता, तर कोंकणी कुठल्या लिपीत? १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा केली, मराठीलाही सरकारी कामात वाव दिला. माझी आई कोंकणी वाचते ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. तिला तुमची देवनागरी पाटी इंग्रजीइतकीच परकी. मी शाळेत मराठी शिकलो म्हणून इथं लिहितोय. भाषेचा आग्रह धरताय तर सगळ्यांचा धरा.

हिशेबनीस

थोडं पैशाबद्दल, कारण शेवटी गाडी तिथंच अडते. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे आहेत. कोणत्या कामांना, त्या यादीत वारसा, कला, संस्कृती आहे, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा तर वेगळा उल्लेख आहे. समकालीन प्रयोगांचं नाव तिथं नाही. त्यामुळे देणगीदाराला माटोळी समजावणं सोपं जातं, रिकाम्या खोलीतला आवाज समजावणं महाकठीण. मी दोन छोट्या न्यासांचे हिशेब बघतो. त्यांचं तिकीट नाही, विक्री नाही, वीजबिल मात्र दर महिन्याला येतं. एखादं घराणं पाठीशी आहे म्हणून असं केंद्र टिकतं. निम्मे कार्यक्रम गावात म्हणजे गाडी, मांडव, जेवण, विमा. हा खर्च कोण करणार, हे सरांनी सांगावं.

आल्तिनोची माजी विद्यार्थिनी

कुडाळकर, तुमचा प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण एक आठवण करून देते. चित्रकार आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांतइस्तेवचे. बंगालमध्ये चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकून गोव्यात परतले, मरियमला साडी नेसवून भारतीय बाईसारखी रंगवली. इथल्या लोकांना ती सहन झाली नाही. ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेले आणि तिथंच रंगवत राहिले. त्यांची चित्रं आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपली आहेत. गावाला विचारून चित्र काढायचं ठरलं असतं तर ती चित्रं झालीच नसती. मला भीती आहे ती याची.

फोंड्याचा चित्रकला शिक्षक

फोन्सेकांनी साडी नेसवली ती कुणाकडे बघून? सांतइस्तेवला शेतात वाकलेल्या बायांकडे बघूनच ना? चित्र गावाला विचारून काढा असं मी म्हणतच नाही. ते गावाला दाखवा म्हणतोय. त्यांना राग आला तर येऊ दे. राग यायलाही आधी चित्र दिसायला हवं. आमच्या मुलांना ते दिसतच नाही.

सासष्टीकर, तुमचं मान्य. आईला वाचता येईल अशी रोमी पाटीही हवी. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, ती चूक माझी. कुडाळकरांचा सांगणारा माणूस मिळाला तर तो या दोन्ही लिप्यांच्या वर पुरेल.

हिशेबनीस, "निम्मे" मागे घेतो. वर्षाला चार कार्यक्रम करा. मांडव नको, आमच्या शाळेचा हॉल आहे, पंखेही चालतात. गाडीचे पैसे पालक-शिक्षक संघातून उभे करतो. भाषेवर मात्र मी हटणार नाही.

आल्तिनोची माजी विद्यार्थिनी

मी अजूनही म्हणते की केंद्रावर सक्ती नको. पण माझ्यावर मी करू शकते. माझं एक अर्धवट काम आहे, जुन्या मच्छरदाणीचं. ते घेऊन येते. काही समजावणार नाही, आधी मुलं बोलू देत. कोंकणीत बोलू.

आणि नरकासुरवाला मुलगा असेल ना?

फोंड्याचा चित्रकला शिक्षक

तो आता अकरावीला, दुसऱ्या शाळेत आहे. निरोप धाडतो. शनिवारी साडेबाराला शाळा सुटते, त्यानंतर या.