कावीळ झाली होती

रानजाई (सांगली)

या महिन्यात मला अडतीस पूर्ण झाली. पप्पा गेले तेव्हा सदतीसचे होते. म्हणजे आता आम्हा दोघांत मी मोठी. भाजी निवडता निवडता हा हिशोब डोक्यात आला आणि हातातली मेथी तशीच राहिली.

"वडील कशानं गेले?" याला आमच्या घरात एकच उत्तर ठरलेलं: कावीळ झाली होती. खोटं नाही ते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, आणि शेवटच्या रात्री रक्ताची उलटी. लिव्हर कडक झालं की रक्ताची वाट अडते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते, हे मला तिशीत कळलं. पण कावीळ म्हटलं की दारू म्हणावं लागत नाही. आणि दारूचा विषय नको म्हणून हळूहळू पप्पांचाच विषय नको, असं होत गेलं.

ते वायरमन होते. कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायचे आणि वर पोचले की शीळ घालायचे. मी खाली दप्तर घेऊन उभी. तुळशीची माळ दोनदा घातली, दोनदा उतरवली.

ज्यांची आई किंवा वडील असे ऐन उमेदीत व्यसनापायी गेले, त्यांनी लिहा. नावगाव नको. किती प्यायचे तेही नसेल सांगायचं तर राहू द्या. माणूस कसा होता ते सांगा.

गिरणगावकर

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा बाबा २९ वर्षांचे होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तोवर पगाराच्या दिवशी घ्यायचे. संपात हातात पैसा नाही आणि तरी रोज, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

भजनात पखवाज वाजवायचे. धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक आई वेगळी मळून द्यायची, जराशी सैल. त्यांना ती बोटाने दाबताच कळायचं, पाणी जास्त झालंय की कमी. पुढे पखवाज विकला.

आई मला गुत्त्यावर पाठवायची, "बाबांना घेऊन ये." तिथे बाकड्यावर बसवून मला कागदावर उकडलेले चणे मिळायचे, वर तिखटमीठ. मी एकेक चणा सोलून खायचो, म्हणजे वेळ जाईल. आई घरी डोळे लावून बसलेली असायची आणि मी मुद्दाम उशीर करायचो. बायकोलाही हे कधी सांगितलं नव्हतं.

१९८९ साली गेले. आजी म्हणायची, संपानं खाल्लं माझ्या पोराला. समोरच्या खोलीतले काकाही संपातच होते. त्यांनी दादरहून भाजी आणून विकली, थेंबाला शिवले नाहीत. आजीसमोर हे बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही. बरंच झालं म्हणा.

मोगरा

इथे सगळे वडीलच येतील बहुतेक. माझी आई होती.

ती नर्स. पाठीच्या दुखण्यासाठी वेदनाशामक इंजेक्शन घ्यायला लागली, मग पाठ दुखायची थांबली तरी इंजेक्शन थांबलं नाही. वैशाखातही लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. वडील पीत असते तर लोकांनी निदान हळहळून "प्यायचा हो" म्हटलं असतं. आईबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही. हार्ट, एवढंच. चौतीस वर्षांची होती.

चादर अंथरताना कोपऱ्याची घडी घालून गादीखाली खोचायला तिनेच शिकवलं, वॉर्डात घालतात तशी. रोज सकाळी दोन सेकंद ती माझ्या हातात असते.

घाटाखालची

मी मुलगी नाही, बायको आहे. मुलगा चौदाचा आहे.

ह्यांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं होतं. पस्तीस दिवस राहिले आणि पुढे अकरा महिने एक थेंब नाही. मुलाला आठवतात ते हेच अकरा महिने. दर रविवारी सायकलवरून ओढ्याला जायचे दोघं. एका लग्नात स्लिप झाली आणि मग सहा महिने नुसती घसरण.

शेवटी ह्यांनीच ठरवलं, आता घरीच बंद करतो. दीर म्हणाले, कोंडून ठेवू. चांगल्यासाठीच. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं. रात्री भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून उशीनं मारत होते. तिसऱ्या दिवशी फीट आली ती शेवटची. डॉक्टर नंतर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू औषधाशिवाय एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो, दवाखान्यातच तोडायची. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आत्ता कोणी असं बंद करायला निघालं असेल, तर आधी डॉक्टरकडे न्या.

मुलाला मी अजून तापच सांगितलाय.

परवाचा

मला चांगलं काहीच आठवत नाही. चालेल का इथे?

दहाव्याला कावळा शिवेना. तासभर उन्हात उभे सगळे. मग काकांनी खिशातून चपटी काढून पिंडाशेजारी ठेवली आणि कावळा आला. घाटावरची माणसं हसली. मी बारा वर्षांचा होतो. त्यानंतर कुठल्याच दहाव्याला गेलो नाही.

रानजाई

परवाचा, चालेल. असंच चालेल.

घाटाखालची, तुम्ही कोंडलंत ते जगवायलाच. याहून जास्त काही सुचत नाही मला.

काल रात्री आईला फोन केला. म्हटलं, पप्पा खांबावर जी शीळ घालायचे ती कुठल्या गाण्याची? बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं, आता "कशाला जुनं उकरतेस" येणार. मग तिनं तोंडाचा चंबू करून शीळच घातली, पहिल्या दोन ओळी, हवा जास्त आणि सूर कमी. गाण्याचे शब्द तिलाही येत नाहीत म्हणाली.

आईला शीळ घालता येते हे मला माहीतच नव्हतं.