गावात मशीनवाला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) बसवतायत, चालेल का?

भांडुपचा_पाहुणा:
मंडळी, राहायला भांडुप, गाव घाटावर, नाव नको. आठेक हजार वस्ती, बाजार मोठा. गणपतीला गेलो तर ओढ्याकाठी नाक धरून उभं राहायची पाळी, ज्या ओढ्यात आम्ही खेकडे धरायचो त्यात आता काळं पाणी नि वर फेस आणि खालच्या अंगाला लोकं त्याच पाण्यावर मेथी-कोथिंबीर पिकवतात. ग्रामपंचायतीत कुणी कंपनीवाला येऊन ब्लोअर-पंपवाला एसटीपी दाखवून गेला, आता मुंबईकर म्हणून सगळे मलाच विचारतायत. मला काय डोंबल कळतंय, इथे फ्लश केला की विसरलो. कुणी यातलं आहे का?

कमिटीवाली_काकू:
यातली नाही पण भोगलंय बाबा. आमच्या टॉवरला एसटीपी आहे. एका सेक्रेटरीसाहेबांनी बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायला सुरुवात केली, चार दिवसांत टाकीतलं चहासारखं तपकिरी पाणी काळं पडलं आणि पहिल्या मजल्यापर्यंत अंड्यासारखा वास. त्यातले जिवाणू हवेवर जगतात, हवा बंद की मेले. इथे निदान ऑपरेटर मिळतो. तुमच्याकडे लोडशेडिंगला काय करणार? वीजबिल कोण भरणार ते आधी विचारा.

गाळवाला:
काकूंना अनुमोदन, माझं कामच हे आहे.
आधी पाणी किती ते बघा. जलजीवनच्या हिशोबाने माणशी ५५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर ८००० लोकांचं रोजचं साडेतीन लाख लिटर. एवढ्यासाठी मशीन कशाला? तुम्ही भांडुपचे ना, तिथलं मोठं केंद्र वर्षानुवर्षं उघड्या तलावांवरच चाललं, घाटकोपरलाही तेच, फक्त त्यात हवा मारायची यंत्रं होती. गावात तीही नकोत. एकापुढे एक तीन तळी, पहिलं खोल, पुढची उथळ, पाणी उतारानेच जातं, ऊन आणि शेवाळ बाकीचं काम करतं. एकर-दीड एकर जागा लागते आणि काही वर्षांनी पहिल्या तळ्यातला गाळ काढावा लागतो, बस. जागा कमी असेल तर खड्ड्यात खडी भरून कर्दळ, पाणकणीस लावतात आणि सांडपाणी त्यातून सोडतात, तसलं बघा, पण त्याच्या आधी गाळ बसवायची टाकी हवीच नाहीतर खडी तुंबते. आणि मेथीवाल्यांना सांगा, सोडलेलं पाणी पालेभाजीला नको, झाडांना द्या.
पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० वरच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी ६६० रुपयांपर्यंत धरले होते. पण ते बांधायला. बिल भरायला नाही.

नांदेडहून_दादर:
सगळं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचंच कशाला? आमच्या जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे केले, गटारं गेली तसे डासही गेले, बघायला लांबलांबून लोकं येतात. मोरीचं पाणी तिथल्या तिथे जिरतं.

गाळवाला:
मोरीचं, हो. पण चिकट काळ्या जमिनीत जिरत नाही आणि बाजारपेठेत खड्ड्याला जागा कुठे? शिवाय @भांडुपचा_पाहुणा, फेस साबणाचा असेल पण वास बहुतेक सेप्टिक टँकचा. निम्म्या गावाने टँकचा पाईप सरळ गटारात सोडलेला असतो आणि टँक बांधल्यापासून उपसलेला नसतो, मग वरून येतो तो निव्वळ मैला. वाई आणि सिन्नरने हे मस्त केलंय, टँक भरायची वाट न बघता दर ३ वर्षांनी पाळीपाळीने सगळ्यांचे उपसायचे आणि तो गाळ वेगळ्या केंद्रात न्यायचा. एसटीपीआधी एक दिवस गटाराकडेने चाला आणि पाईप मोजा.

भांडुपचा_पाहुणा:
चुलत्याला फोन लावला. आमच्या एका आळीतच अकरा पाईप निघाले, त्यातला एक आमचाच! टँक आजोबांच्या वेळचा, झाकण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, त्यावर आता गोठा आहे. ओढ्याखाली गायरान आहे साधारण दीड एकर, पण त्यावर एका बड्या माणसाच्या मेव्हण्याच्या कडब्याच्या गंजी. ग्रामसभेला रजा टाकतोय. गायरानात तळी करायची तर कलेक्टरची परवानगी लागेल ना?

गाळवाला:
लागेल. आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. आणि गोठा हलवा.