मदत हवी आहे: आमच्या कॉम्प्युटर क्लबच्या वेबसाइटला आणि मेलिंग लिस्टला होस्टिंग कुठलं घेऊ? (बेळगाव)

नमस्कार मंडळी. बेळगावहून लिहितेय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही म्हणून लिहिते.

आमचा एक छोटा क्लब आहे, रजिस्टर वगैरे काही केलेलं नाही. दर रविवारी सकाळी दहा ते एक वडगावातल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही जमतो. सहा जुने कॉम्प्युटर आहेत, त्यावर लिनक्स घातलंय, आणि येईल त्याला फुकट शिकवतो. कोण कोण येतं म्हणाल तर यंत्रमागावरची माणसं, उद्यमबागेत रात्रपाळी करून तसेच थेट येणारी पोरं, डिप्लोमाच्या मुली, आणि कर्नाटकातल्या गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर अडकला म्हणून आलेल्या पण माउस धरायला शिकूनच घरी गेलेल्या काकू. खानापूर, निपाणीकडचे आहेत, हद्दीपलीकडचे शिनोळी-चंदगडचे पण आहेत. मराठी कन्नड दोन्ही चालतंय आमच्याकडं.

आता अडचण. आमची वेबसाइट आणि मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना मेल जातो ती) आधी होती, दोन्ही एकाच शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असतात अशा भाड्याच्या सर्व्हरवर. एका मुलाने कॉलेजात असताना सगळं उभं केलं, मनापासून केलं, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) त्याच्या नावावर, पैसे त्याच्या कार्डावरून, ओटीपी त्याच्या नंबरवर. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर जात राहिले आणि ते कुणीच बघितले नाहीत. डोमेन गेलं. मुदत संपल्यावर काही दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवून घेता येतं हे आम्हाला कळलं तोवर ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं. वाचनालयाच्या जिन्यात आम्ही तो पत्ता रंगवून घेतलाय, तिथं आता कागद चिकटवून ठेवलाय. त्या मुलाची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, आम्ही बाकीच्यांनी एकट्यावर सगळं सोडलं ही चूक. म्हणून या वेळी माझा पहिला प्रश्न स्वस्त कुठं मिळेल हा नाही, कुणी एकजण उद्या नसला तरी क्लबच्या हातात काय राहील हा आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की मग लिस्ट कशाला, असं विचारणारे आमच्यात पण आहेत. ग्रुप आहेच, राहणारच. पण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि तीन मुली एवढ्याच कारणाने बाहेर पडल्या. शिवाय श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेली जुनी फाइल युनिकोडमध्ये (सगळीकडे दिसतात त्या अक्षरांत) कशी आणायची हा प्रश्न दर महिन्याला कोण ना कोण विचारतंच, नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधल्या फाइलींचंही तेच, आणि दर वेळी तेच उत्तर परत टाइप करायचं. लिस्टवर एकदा लिहिलं की ते आर्काइव्हमध्ये (जुन्या मेलच्या साठ्यात) राहतं, लिंक दिली, झालं.

जुन्या लिस्टवर काय काय सोसलंय तेही सांगते, म्हणजे कुणी परत तिकडं पाठवणार नाही. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये) मेलमन हे लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर असतं, जुनं दोन नंबरचं, तेच वापरत होतो. पहिलं म्हणजे आर्काइव्ह उघडला की मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी. लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली होती आणि त्या भाषेची अक्षरं युनिकोड नव्हती, हे कारण लई उशिरा कळलं. दुसरं याहून वाईट. आमचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा पत्ता याहूचा. ते लिस्टवर लिहायचे आणि जीमेलवाल्या कुणालाच ते पोचायचं नाही. इथवर ठीक, पण परत आलेल्या प्रत्येक मेलचा दोष मेलमन जीमेलवाल्यांच्या खात्यावर मांडायचं, असं पाच वेगवेगळ्या दिवशी झालं की त्या माणसाला मेल पाठवणंच बंद. मास्तर उत्साहाने रोज लिहायचे. एका आठवड्यात निम्मी लिस्ट गप्प झाली आणि आम्हाला वाटलं लोकांना रस राहिला नाही! याहूने २०१४ मध्ये डीमार्कचा नियम कडक केला, याहूच्या पत्त्याने निघालेला मेल याहूच्याच सर्व्हरवरून यायला पाहिजे नाहीतर नाकारा म्हणून, त्याचा हा परिणाम. मेलमनमध्ये त्याला उपाय आहे, पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा, पण ती सेटिंग आमच्याकडं बंद होती.

आता आम्ही काय काय बघितलंय. स्वतःचा छोटा सर्व्हर घेऊन मेलमन तीन घालावं असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं. शिकायला मिळेल हे खरं. पण सर्व्हर देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मेलचा २५ नंबरचा पोर्ट (मेल बाहेर जायचं दार) आधी बंदच ठेवतात, विनंती करून उघडून घ्यावा लागतो, मग एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय हे पटवणाऱ्या नोंदी) सगळं नीट लावायचं (फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातलं काहीतरी असल्याशिवाय चालत नाही), आणि एवढं करून दिवाळीच्या सुट्टीत बंद पडलं तर बघणार कोण? रविवारचे तीन तास शिकवण्यासाठी आहेत. ग्रुप्स डॉट आयओ ही लिस्ट चालवणारी सेवा चांगली वाटली, पण नव्या फुकट ग्रुपला १०० जणांची मर्यादा आहे आणि आम्ही १४० च्या आसपास. गूगल ग्रुप्स फुकट, पण सगळं त्यांच्या हातात. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचं बंद झालं हे विसरून कसं चालेल.

वेबसाइटला वर्डप्रेस नको असं मला वाटतं. मागच्या वेळी अपडेट करायचं राहिलं आणि एके दिवशी आमच्या पानाखाली जुगाराच्या लिंका दिसायला लागल्या. आमची पानं म्हणजे वेळापत्रक, टिपा आणि फोटो. पण साधी एचटीएमएल पानं ठेवली तर कन्नड टिपा लिहिणाऱ्या ताईंना जमेल का? त्यांना टाइप करून एक बटण दाबायचं एवढंच पाहिजे.

बजेट वर्षाला तीन हजार, तेही वर्गणीतून. काय करावं?

अपडेट, दोन आठवड्यांनंतर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. झालं ते सांगते.

लिस्ट आणि वेबसाइट एका जागी ठेवू नका, एक बुडालं तर दुसरं वाचलं पाहिजे, हे तुमच्यापैकी तिघांनी सांगितलं ते पटलं. वेबसाइट गिटहब पेजेसवर (साधी पानं ठेवायची गिटहबची सेवा) ठेवतोय, फुकट आहे, साइट एक जीबीच्या आत पाहिजे अशी अट आहे, फोटो लहान करून टाकले तर आम्हाला ते भरपूर आहे. गिटहबवर संस्थेचं खातं काढता येतं आणि त्याला एकापेक्षा जास्त मालक ठेवता येतात, यासाठीच ते घेतलं. सध्या तीन मालक आहेत, एक शहापूरचा, एक खानापूरची आणि मी. ताईंना मी ब्राउझरमध्येच फाइल उघडून, लिहून, हिरवं बटण दाबायला दाखवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी कन्नड पानावर वेळापत्रक बदललं.

लिस्ट गूगल ग्रुप्सवर. मास्तरांना पहिला मेल टाकायला लावला, सहा जीमेल पत्त्यांवर सहाही ठिकाणी पोचला, नाव त्यांचं पण पत्ता ग्रुपचा असा दिसतो. त्यांनी लगेच फोन केला, "आलं काय गं सगळ्यांना?" सभासदांची यादी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उतरवून घ्यायची असं ठरवलंय, गूगलने उद्या दुकान बंद केलं तरी माणसं आमच्याकडं राहतील.

क्लबच्या गूगल खात्याबद्दल एकाने लिहिलं होतं की दोन वर्षं वापरलं नाही तर ते खातं काढून टाकतात, ते माहीत नव्हतं. टू-स्टेपचे (लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा कोड लागतो त्याचे) दहा बॅकअप कोड मिळतात ते छापले, पाकिटात घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवले, डोमेनच्या खात्याचा पासवर्डही त्यातच. किल्ली ग्रंथपालांकडं. डोमेन पाच वर्षांचं एकदम घेतलं, रिन्यूअलचा मेल लिस्टच्या चारही मॉडरेटरना जाईल असा पत्ता दिलाय.

दोन गोष्टी अजून अडल्यात. डोमेन माणसाच्या नावावरच घ्यावं लागलं, सध्या माझ्या. सोसायटी म्हणून नोंदणी करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याने सात जण लागतात, सात जण आहेत. बेळगावात कुणी अलीकडे हे केलं असेल तर कागदपत्रं काय लागली आणि किती दिवस गेले ते सांगा.

दुसरं, पुण्याच्या त्या मुलाला फोन केला होता. त्याच्या लॅपटॉपवर जुन्या लिस्टची एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकत्र साठवलेली) निघाली, तीन वर्षांची. उघडून बघितली तर प्रश्नचिन्हं फक्त वेबवरच्या आर्काइव्हमध्ये होती, फाइलमध्ये मराठी कन्नड सगळं जसंच्या तसं आहे, श्रीलिपीचं उत्तर पण आहे, मास्तरांचे मेल पण. हे वेबसाइटवर साध्या पानांत लावायचंय, पण लोकांचे ईमेल पत्ते आणि मेलखाली सहीत टाकलेले फोन नंबर काढून. पत्ते स्क्रिप्टने निघतील, नंबर मात्र कुणी देवनागरी आकड्यांत लिहिलेत, कुणी कन्नड आकड्यांत, मध्ये जागा सोडून. हे कुणी केलंय का? कसं केलं?