मदत हवी आहे: ऑनलाइन पोकर बंद झाल्यानंतर गोव्यात जाऊन खेळायचे असल्यास किती बँकरोल लागेल?

पंचवीस_पन्नास (धागाकर्ता), नोव्हेंबर 2025

नमस्कार. नोव्हेंबर 2024 पासून मी पूर्णवेळ ऑनलाइन पोकर खेळत होतो आणि घरखर्च त्यावरच चालत होता. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मी खेळत होतो त्या संकेतस्थळाने पैशांची सर्व टेबले बंद केली. खात्यातील शिल्लक परत मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तेव्हापासून मी रिकामा बसलो आहे.

मला दोन मार्ग दिसतात. एक मित्र व्हीपीएन लावून आणि क्रिप्टोने पैसे भरून परदेशी संकेतस्थळावर खेळतो. दुसरा मार्ग म्हणजे गोव्यात भाड्याने खोली घेऊन कॅसिनोतील पोकर रूममध्ये बसणे, आणि मला तोच बरा वाटतो. प्रश्न दोनच आहेत : बँकरोल (फक्त खेळासाठी राखून ठेवलेली रक्कम) किती हवा, आणि तिथे रेक (डावातील पैशांतून कॅसिनो स्वतःसाठी काढून घेतो तो वाटा) किती कापतात? नोकरी शोधण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तो घरी रोज मिळतो. खोलीची आगाऊ रक्कम याच आठवड्यात द्यायची असल्याने थोडी घाई आहे.

विचलन

बँकरोलचा आकडा सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आपण कॅश गेम (जिथे चिप म्हणजे थेट पैसे आणि केव्हाही उठता येते) खेळत होता की टूर्नामेंट? कोणत्या ब्लाइंडवर (पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या लहान आणि मोठ्या रकमा, त्यांतली मोठी ती बिग ब्लाइंड), एकूण किती डाव, आणि शंभर डावांमागे सरासरी किती बिग ब्लाइंडचा नफा? "घरखर्च चालत होता" हा आकडा नव्हे.

सीमोल्लंघन

गोव्याचा विचारच कशाला करता? नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, खेळाडूला मात्र काहीही नाही. मी स्वतः परदेशी टेबलांवर खेळतो आणि मला आजवर कोणीही विचारलेले नाही.

एडिसनचा_नाना

श्री. सीमोल्लंघन, "कोणीही विचारलेले नाही" हे वाक्य मी 14 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेत बसून अगदी असेच उच्चारले असते. दुसऱ्या दिवशी येथील न्याय खात्याने तीन मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली आणि एका ठिकाणी ठेवलेले माझे पैसे 2014 उजाडेपर्यंत हाती आले नाहीत. तेव्हाही खेळाडूंवर खटले भरले नव्हते. पैसे मात्र खेळाडूंचेच अडकले होते. व्हीपीएन वापरल्याचे लक्षात आल्यास संकेतस्थळ स्वतःच्या नियमांनुसार खाते गोठवते, आणि त्याविरुद्ध भारतातून दाद कुठे मागणार?

आमच्या न्यू जर्सीत नोव्हेंबर 2013 पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, पण त्यासाठी प्रत्यक्ष राज्याच्या हद्दीत असावे लागते. शिवाय 2026 पासून जुगारातील तोट्याची फक्त 90 टक्के वजावट मिळणार असल्याने वर्षभर बरोबरीत राहिलेल्या माणसालाही कर लागू शकेल.

पंचवीस_पन्नास

न्यू जर्सीला येण्याचा माझा विचार नाही. माहिती देतो : नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचे टेबल, ब्लाइंड 25/50, एका वेळी दोन टेबले, दहा महिन्यांत अंदाजे 1,20,000 डाव आणि एकूण नफा 5,40,000 रुपये. म्हणजे शंभर डावांमागे 9 बिग ब्लाइंड. हा दर उत्तम मानला जातो, हे आपणही मान्य कराल.

विचलन

उत्तमच नव्हे, थोडा संशयास्पद वाटण्याइतका उत्तम आहे. 5,40,000 हा आकडा टेबलावरच्या नोंदीतून आला आहे, की बँकेत आलेल्या रकमेतून भरलेली रक्कम वजा करून? रेकबॅक (कापलेल्या रेकपैकी संकेतस्थळ परत देते तो भाग) त्यात धरला आहे का?

पंचवीस_पन्नास

बँकेवरून काढला आहे, शेवटी खरा पैसा तोच. रेकबॅक आणि इतर बोनस मिळून 1,44,000 होते. शिवाय फेब्रुवारीत सहज म्हणून एक रविवारची टूर्नामेंट खेळलो आणि तिसरा आलो, त्यातून 2,60,000 मिळाले. पण तेही पोकरच आहे ना?

विचलन

पोकर आहे, परंतु आपल्या प्रश्नाच्या उत्तरात ते धरता येणार नाही. दोन्ही रकमा वजा केल्यावर कॅश गेममध्ये उरतात 1,36,000 रुपये, म्हणजे 2,720 बिग ब्लाइंड, आणि शंभर डावांमागे सव्वादोनच्या आसपास. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागचे प्रमाण विचलन, म्हणजे नशिबामुळे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचे माप, 90 बिग ब्लाइंडच्या आसपास असते. या हिशोबाने 1,20,000 डावांवरील विचलन 3,100 बिग ब्लाइंडहून थोडे अधिक येते. आपला सगळा नफा एका प्रमाण विचलनाच्याही आत बसतो. ज्याचा खरा दर शून्य आहे, असा खेळाडूही निव्वळ पत्त्यांच्या कृपेने इतका नफा दाखवू शकतो. आपण वाईट खेळता असे मी म्हणत नाही. आपण चांगले खेळता हे अजून सिद्ध झालेले नाही, एवढेच म्हणतो.

पुट_विक्रेता

एवढी आकडेमोड जमणाऱ्या माणसाने पोकरऐवजी शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन विकावेत. तिथे रेक नाही, बंदी नाही, आणि समोरचा खेळाडू दुर्बल असतो.

विचलन

सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले होते की, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. दलाली आणि इतर आकार हा तिथला रेकच आहे. दुर्बल खेळाडू कोण, हे प्रत्येकाला समोरच्याकडे पाहूनच वाटते. धागा पोकरचा आहे, तेव्हा त्यावरच राहू.

विवरणपत्रवाला

मी वेगळेच विचारतो. कर कापून 5,40,000, की कापण्यापूर्वी? आणि आर्थिक वर्षानुसार फोड काय आहे?

पंचवीस_पन्नास

कापण्यापूर्वीचे. मार्चअखेर 6,90,000 नफा होता, त्यानंतर एप्रिल ते ऑगस्ट डाऊनस्विंग (सतत हरण्याचा काळ) आला आणि 1,50,000 गेले. टीडीएस कंपनीनेच कापला होता, त्यामुळे विवरणपत्र भरण्याची गरज पडली नाही. मी कराविषयी विचारलेले नाही, तरी सांगितले.

विवरणपत्रवाला

आपण विचारले नाही, पण सर्वांत तातडीची गोष्ट हीच आहे. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकण्यावर कलम 115बीबीजे अन्वये सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. त्याला मूळ सवलत मर्यादा लागू नाही आणि खर्चाची वजावट नाही. हिशोब आर्थिक वर्षाचा होतो, त्यामुळे एप्रिलनंतरचे 1,50,000 मार्चपूर्वीच्या नफ्यातून वजा होत नाहीत. कर 6,90,000 वर, म्हणजे 2,15,280 रुपये. त्यांपैकी 2,07,000 टीडीएसमध्ये गेले असतील, तरी उपकराचे 8,280 आणि त्यावरील व्याज बाकी आहे. टीडीएस कापला म्हणजे विवरणपत्र भरले असे होत नाही. मुदत 16 सप्टेंबरला संपली, तरी 31 डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते, आणि एप्रिल ते ऑक्टोबर 2024 मध्ये पगार असल्यास तोही त्यातच दाखवायचा आहे.

आता उत्पन्न पुन्हा मोजा. 5,40,000 वजा 2,15,280 म्हणजे 3,24,720, आणि दहा महिन्यांनी भागल्यास दरमहा साडेबत्तीस हजारांच्या आत. यात ती टूर्नामेंट आणि रेकबॅक दोन्ही धरलेले आहेत.

मित्राच्या क्रिप्टोवर नफा झाल्यास त्यावर वेगळा 30 टक्के कर आणि प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस आहे, हे त्यालाही सांगावे.

सीमोल्लंघन

श्री. विवरणपत्रवाला, आपण लोकांना उगाच घाबरवता. कौशल्याच्या खेळाला जुगार म्हणणारा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकणार नाही, याचिका तिकडे वर्ग झालेल्याच आहेत. थोडे थांबा, सगळे पूर्ववत होईल.

विवरणपत्रवाला

नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता बाजूला ठेवला आहे, वाद त्यावरच आहे. निकाल काय लागेल ते न मला ठाऊक न आपल्याला. परंतु निकाल काहीही लागला, तरी 2024-25 चा कर माफ होणार नाही.

पंचवीस_पन्नास

कराचे काम मी करतो, धन्यवाद. पण माझा प्रश्न गोव्याचा होता. माझ्याकडे आज 4,00,000 रुपये आहेत. पुरतील का?

विचलन

त्यात घरखर्च धरला आहे की निव्वळ खेळाचे आहेत?

पंचवीस_पन्नास

सगळे मिळून आहेत.

विचलन

मग ते बँकरोल नव्हे, ती बचत आहे. मी दोन वर्षांपूर्वी गोव्यात गेलो होतो तेव्हा मला मिळालेले सर्वांत लहान टेबल 100/200 चे होते, म्हणजे आपल्या नेहमीच्या टेबलाच्या चौपट. शंभर बिग ब्लाइंडचा एक बाय-इन (टेबलावर बसताना आणायची रक्कम) 20,000 चा, आणि तीस बाय-इन हा किमान आकडा धरला तरी 6,00,000. सहा महिन्यांचे भाडे, जेवण आणि घरी पाठवायची रक्कम त्याव्यतिरिक्त.

त्याहून मोठी अडचण वेगाची आहे. दोन ऑनलाइन टेबलांवर आपण तासाला सुमारे 140 डाव खेळत असाल. समोरासमोरच्या टेबलावर डीलर पत्ते पिसतो, लोक विचार करतात, कोणीतरी फोनवर बोलत असते, आणि तासाला 28 डाव झाले तरी भाग्य. जे 1,20,000 डाव आपण दहा महिन्यांत खेळलात, तेवढ्यांना आठवड्याला चाळीस तास बसूनही दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. ऑनलाइन तीन आठवड्यांत संपणारा वाईट काळ तिथे तीन-साडेतीन महिने चालतो, आणि रोज संध्याकाळी तो सहन करून खोलीवर परतावे लागते. समोरचे खेळाडू तिथे सहसा कच्चे असतात हे खरे, त्यामुळे दर वाढेल. पण किती वाढेल हे कळण्याआधीच पैसे संपू शकतात.

पणजीकर

एक स्थानिक माहिती देतो. 1 फेब्रुवारी 2020 पासून आम्हा गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास बंदी आहे. तेव्हा येथे स्थायिक होऊन ओळखपत्रावरचा पत्ता गोव्याचा करून घेण्याची घाई करू नका, नाहीतर ज्यासाठी आलात तेच दार बंद व्हायचे. दुसरे असे की डिसेंबर आणि जानेवारीत येथील भाडी पाहून येण्याचा निर्णय घेऊ नये. घरमालक त्या दोन महिन्यांत वर्षभराचे वसूल करतात. कॅसिनोवरील जीएसटीही 22 सप्टेंबरपासून 28 वरून 40 टक्के झाला आहे.

पंचवीस_पन्नास

ठीक आहे. खोलीची आगाऊ रक्कम तूर्त देत नाही. जानेवारीत फक्त आठ दिवस पाच बाय-इन घेऊन जातो, रोज आठ तास बसतो आणि त्यावरून ठरवतो.

विचलन

आठ दिवसांत साधारण 1,800 डाव होतील. आपला सव्वादोनचा दर तिथेही टिकला, तर अपेक्षित नफा 40 बिग ब्लाइंड आणि प्रमाण विचलन 380. सहल म्हणून अवश्य जा, पण जिंकून आलात तर कृपया "ठरले" असे येथे लिहू नका.

पंचवीस_पन्नास

लिहिणार नाही. मात्र इतक्या प्रतिसादांत रेक किती कापतात, हे अजून कोणीही सांगितलेले नाही. श्री. पणजीकर, आपण तर तिथेच राहता.

पणजीकर

मांडवीच्या काठावरून मला त्या बोटींचे फक्त दिवे दिसतात. आम्हाला आत सोडत नाहीत, हे वर लिहिले आहेच.