शब्दचर्चा : सँडबॉक्सला 'हौदा' म्हणावं का?

पॉलिटेक्निकच्या मुलांना मी सायबर सुरक्षेची सुरुवात मराठीतून शिकवते. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं, त्यात एक काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा तपासायची हत्यारं सोबत असलेली कार्यप्रणाली, आणि एक मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे मुद्दाम भोकं ठेवलेलं लिनक्स, उभं करायचं आणि सगळा सराव त्या दोघांतच करायचा. काम मुलांना जमतं, अडतं ते शब्दांपाशी. अशा व्हर्च्युअल मशीनला मी 'आभासी यंत्र' म्हटल्यावर एकानं विचारलं, "मॅडम, म्हणजे ते खरं नाहीच ना? मग बिघडलं तर काय?" त्याच आठवड्यात त्यानं मेटास्प्लॉइटेबलचं नेटवर्क 'ब्रिज्ड'वर ठेवलं. ते मशीन थेट वसतिगृहाच्या वायफायवर, इतरांच्या लॅपटॉपच्या मांडीला मांडी लावून बसलं. त्याची फसगत माझ्या शब्दानंच केली, असं मला वाटतं. व्हर्च्युअल मशीन, सँडबॉक्स (बाकीच्या संगणकापासून वेगळी ठेवलेली बंदिस्त जागा), होस्ट (मूळ संगणक), गेस्ट (त्यातलं मशीन), स्नॅपशॉट (मशीनची जतन केलेली स्थिती) यांना तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १

ताई, 'आभासी' नकोच. मृगजळ हा आभास, कारण तिथे पाणी नसतंच. हे मशीन मात्र तुमची खरी रॅम खातं, डिस्कवर खरी जागा अडवतं आणि नेटवर्कवर स्वतःचा आयपी पत्ता घेऊन बसतं. मी 'व्हर्च्युअल मशीन'च म्हणतो. समजावताना 'मशीनच्या पोटातलं मशीन'.

सँडबॉक्ससाठी 'वाळूपेटी' वाचलंय. आपली पोरं वाळूत खेळतात ती बांधकामाच्या ढिगावर, त्यामुळे पेटीचं चित्र डोळ्यासमोर येतच नाही. माझं गाव कोल्हापूरजवळचं. आमच्या तालमीत हौदा आहे. चारी बाजूंनी बांधलेला, आत तांबडी माती, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं. सकाळी आधी खोऱ्यानं माती उकरून मऊ करायची, मगच जोड लागायची. ढाक, धोबीपछाड शिकायचे ते तिथेच, कारण पाठीवर आपटलं तरी पुन्हा उठता येतं. तोच डाव कुणावर चावडीसमोर टाकला तर ती कुस्ती राहत नाही, मारामारी होते. 'वाळूपेटी'त हा दुसरा अर्थ कुठेच नाही आणि सायबर सुरक्षेत तोच सगळ्यात महत्त्वाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम पाठ होण्याआधी मुलांना हौद्याची कड समजते.

आणि लॅबला 'तालीम' म्हणा. मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिकवणं.

प्रतिसाद २

दादा, हौदा फार आवडला, पण तो सरावाच्या जागेपुरताच ठेवावा. ब्राउझरमध्येही सँडबॉक्स असतो, तिथे कुणी डाव शिकत नाही. अनोळखी कोड बाकीच्या संगणकाला शिंगं लावू नये म्हणून त्याला तिथे अडवून ठेवलेलं असतं. त्याला आपल्याकडे 'कोंडवाडा' आहे, गावात भटकी गुरं कोंडायचा. संशयास्पद फाइल उघडून बघायची ती कोंडवाड्यात.

होस्ट-गेस्टला 'यजमान-पाहुणा' चपखल बसतं. पाहुण्याला ओसरीवर बसवावं, माजघराचं दार बंद ठेवावं. शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड क्लिपबोर्ड हे ते माजघराचं दार. 'होस्ट-ओन्ली' नेटवर्क म्हणजे यजमान आणि पाहुणे यांच्यापुरती ओसरी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याचे पत्ते सहसा १९२.१६८.५६ नं सुरू होतात. 'इंटर्नल' नेटवर्कमध्ये यजमानालाही बोलावणं नसतं, पाहुणे आपापसांत बोलतात. कालीला अपडेट हवे असतील तेवढ्यापुरतं 'नॅट'वर, म्हणजे यजमानाच्या आडून इंटरनेटवर, न्यावं, काम झालं की परत आत. मेटास्प्लॉइटेबलला मात्र बाहेरचं दार कधीच दाखवू नये.

मूळ प्रश्नकर्ती

आठवडाभर वर्गात वापरून पाहिलं. मुंबईहून आलेल्या एका मुलीला 'हौदा' म्हटल्यावर हत्तीवरची बैठक आठवली, तिला तालमीचा फोटो दाखवावा लागला. त्यानंतर मुलं आपणहून विचारू लागली, "मॅडम, हे हौद्यातच आहे ना?" ब्रिज्डवर ठेवणाऱ्या त्या मुलानं परवा शेजाऱ्याचं नेटवर्क सेटिंग स्वतः तपासून दिलं. मला फार बरं वाटलं.

स्नॅपशॉट हा शब्द तसाच ठेवला. 'छायाचित्र' म्हटलं की मुलांना स्क्रीनशॉट वाटतो. पण पुढचं क्रियापद मराठी केलं : 'पूर्ववत करणे'. सगळ्यांसमोर मेटास्प्लॉइटेबलमधलं 'इटीसी', म्हणजे सेटिंगच्या फाइलींचं, फोल्डर उडवलं, मशीन सुरू होईना. स्नॅपशॉट निवडून पूर्ववत केलं आणि लॉगिनचा पडदा परत आला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सगळं होतं तसं!" त्यांना आता वेगळी व्याख्या लागत नाही.

राहिला 'व्हल्नरेबल', म्हणजे ज्यात भोकं आहेत असा. परिभाषेत 'भेद्य' आहे, पण बोलताना आपण किल्ला 'अभेद्य' म्हणतो, 'भेद्य' कुणाच्या तोंडी नसतो. मी 'कच्चं मशीन' म्हणते आणि त्यातल्या एकेका भोकाला 'कच्चा दुवा'. स्कॅन, म्हणजे मशीनची कोणती दारं (पोर्ट) उघडी आहेत याची तपासणी, झाल्यावर मुलं वहीत लिहितात : कच्चा दुवा, पोर्ट २१, जुना एफटीपी (फाइलींची देवाणघेवाण करणारा) सर्व्हर.