मदत हवी आहे: न्यू जर्सीत गुन्ह्याची नोंद पुसली, आता भावाला भारतात जाऊन परत येता येईल का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. २०१२ साली तो ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत आला. २०१५ मध्ये कामावरच्या दुकानातला माल बाहेर काढल्याच्या प्रकरणात अडकला. वकील म्हणाले, "कबूल कर, तुरुंग टळेल." त्यानं 'थर्ड डिग्री' म्हणजे तिसऱ्या श्रेणीची चोरी कबूल केली, दोन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) झालं. इथं त्याला 'इंडायटेबल' म्हणतात, पण बाकीच्या राज्यांच्या हिशेबानं ती फेलनीच, म्हणजे गंभीर गुन्हा.

गेल्या वर्षी एक्सपंजमेंटचा, म्हणजे नोंद पुसण्याचा, आदेश मिळाला. त्याचा फोटो पाठवला, तर आईनं सांगलीत देवापुढे साखर ठेवली. नव्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये काहीच आलं नाही.

आता आईची बायपास ठरली आहे. भाऊ तिकीट काढणार, तेवढ्यात नात्यातले एकजण म्हणाले, परत येताना विमानतळावर अडवतील. नोंद पुसली म्हणजे पुसली ना? गव्हर्नरकडे माफी मागावी, की राष्ट्राध्यक्षांकडे? आई रोज विचारते, "कधी निघताय?"

प्रतिसाद:

ताई, आधी तिकीट थांबवा. मी वकील नाही, पण आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय.

न्यू जर्सीत एक्सपंजमेंट म्हणजे कागद नष्ट करत नाहीत, वेगळे काढून बंद ठेवतात. खासगी नोकरीत त्याचा पूर्ण उपयोग होतो. पण इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा. १९९६ पासून त्यात 'दोषसिद्धी'ची व्याख्याच अशी आहे की कबुली दिली आणि काही शिक्षा झाली, की झालं. राज्यानं नंतर पुसलं तरी त्यांच्या लेखी ती राहते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही पुसलेलं प्रकरण लिहावंच लागतं.

राष्ट्राध्यक्षांची माफी केंद्रीय गुन्ह्यांपुरती, तेव्हा तुमच्यासाठी गव्हर्नरच. त्यांची पूर्ण, बिनशर्त माफी मिळाली तर चोरीवरून होणारी हद्दपारी टळू शकते. अमली पदार्थ, बंदूक, घरगुती हिंसाचार यांना ती सवलत नाही. पण खरी अडचण पुढे आहे: ही सवलत हद्दपारीच्या कलमात लिहिली आहे, प्रवेश नाकारण्याच्या कलमात नाही. अशी दोषसिद्धी असलेला ग्रीन कार्डधारक बाहेर जाऊन परत आला, की त्याला नव्यानं प्रवेश मागणारा धरू शकतात. तुमच्या नातेवाइकांची भीती खरी आहे.

मला विचाराल तर माफीच्या आधी एक गोष्ट तपासा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालापासून, कबुलीनं हद्दपारी ओढवू शकते हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. सांगितलं नसेल आणि त्या कारणावरून न्यायालयानं दोषसिद्धीच रद्द केली, तर इमिग्रेशनही ते मानतं. मुदती असतात, उशीर नको. कबुलीच्या छापील फॉर्मवर १७ वा प्रश्न 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?' असा असतो, तिथे काय उत्तर दिलंय बघा.

मूळ प्रश्नकर्ती:

दादा, खूप आभार. फॉर्म सापडला. १७ व्या प्रश्नात 'हो'भोवती गोल आहे. भाऊ म्हणतो, तो गोल त्यानं केलेला नाही. पान त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, फक्त शेवटी सही घेतली. सही त्याचीच आहे.

उद्या सकाळी गुन्हे आणि इमिग्रेशन दोन्ही बघणाऱ्या वकिलांना फोन करते. मी नागरिक आहे, तिकीट माझं काढलं. आईला सांगितलं, मी येते आहे. त्याचं कारण अजून सांगितलेलं नाही.