डेब पॅकेजचं नाव काय द्यायचं आणि फायली कुठे टाकायच्या?

भोसरीकर: वर्कशॉपमधल्या उबुंटू मशीन्सवर मापं नोंदवणारा आमचाच प्रोग्रॅम चालतो. आजवर स्क्रिप्टने सगळं /यूएसआर/लोकल मध्ये कॉपी व्हायचं. आता डेब पॅकेज (उबुंटूवर प्रोग्रॅम बसवायची तयार फाइल) करायचंय. जागा तीच ठेवली तर चालेल ना? आणि 'माप_नोंद' या नावावर बिल्ड का अडतं?

सदाशिव_रूट: नावात रोमन लोअरकेस अक्षरं, अंक, अधिक, हायफन आणि टिंब एवढंच चालतं. अंडरस्कोर नाही, कारण फाइलच्या नावात तोच भाग पाडतो: माप-नोंद_१.४-२_एएमडी६४.डेब. यात १.४ प्रोग्रॅमची आवृत्ती, २ पॅकेजिंगची, एएमडी६४ म्हणजे प्रोसेसरचा प्रकार. कोड तोच ठेवून फक्त पॅकेज दुरुस्त केलं, तर २ चा ३ करा. चाचणीची आवृत्ती १.५~आरसी१ अशी लिहा. टिल्डमुळे ती १.५ च्या आधी लागते. टिल्ड विसरलात तर १.५आरसी१ ही १.५ पेक्षा नवी ठरते आणि अंतिम आवृत्ती अपग्रेडमध्ये येतच नाही.

जागा मात्र बदला. /यूएसआर/लोकल मशीन सांभाळणाऱ्याचं, पॅकेजने तिथे हात घालू नये. प्रोग्रॅम /यूएसआर/बिन, सेटिंग /ईटीसी/माप-नोंद, नोंदी /व्हार/लिब/माप-नोंद. नोंदी /यूएसआर खाली नकोत, ते रीड-ओन्ली माउंट असू शकतं.

कर्वेनगर_शेल: घरच्या प्रोग्रॅमला मी /ऑप्ट/माप-नोंद देईन. कुठल्या फोल्डरमध्ये काय ठेवायचं हे सांगणाऱ्या एफएचएस ३.० (२०१५) या मानकाप्रमाणे मग सेटिंग /ईटीसी/ऑप्ट मध्ये आणि बदलता डेटा /व्हार/ऑप्ट मध्ये. लोक नेमकं हेच विसरतात आणि लॉगसुद्धा /ऑप्ट मध्येच कोंबतात.

मेकफाइल (प्रोग्रॅम बिल्ड आणि इन्स्टॉल करायच्या सूचनांची फाइल) असेल तर प्रीफिक्स आणि डेस्टडिर यांची गल्लत नको. प्रीफिक्स म्हणजे चालताना फायली जिथे असतील ती जागा, बरेचदा बायनरीतच कोरली जाते. डेस्टडिर फक्त पॅक करतानाचा तात्पुरता फोल्डर. प्रीफिक्समध्ये बिल्ड फोल्डर दिलात, तर प्रोग्रॅम ग्राहकाच्या मशीनवर तुमचा होम फोल्डर शोधत बसेल.

भोसरीकर: /यूएसआर/बिन ला टाकलं. पॅकेज बसलं, पण चालते जुनीच आवृत्ती.

सदाशिव_रूट: पाथमध्ये (शेल कमांड ज्या फोल्डरांत क्रमाने शोधतं ती यादी) /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं, त्यामुळे स्क्रिप्टने टाकलेली जुनी प्रत पुढे उभी आहे. 'टाइप -ए माप-नोंद' दिलंत की दोन्ही दिसतील. जुनी काढा, मग त्याच शेलमध्ये 'हॅश -आर', म्हणजे शेल लक्षात ठेवलेली जुनी जागा विसरेल.

आणखी एक: डीपीकेजी-डेब या कमांडने हाताने पॅकेज बांधत असाल, तर /ईटीसी मधल्या फायली कॉन्फफाइल्समध्ये (पॅकेजमधली सेटिंगच्या फायलींची यादी) स्वतः लिहा. डेबहेल्पर हे पॅकेज बांधायचं साधन ते आपोआप करतं. यादी नसेल तर पुढचा अपग्रेड ऑपरेटरने बदललेली सेटिंग न विचारता पुसेल.